जर्मन, रशियन, जपानी, अरबी: आपल्याच कीबोर्डवरून

कोल्हापुरात परदेशी लिपी टाइप करायची वेळ येते ती साधारण तिघांवर. शिवाजी विद्यापीठात किंवा एखाद्या क्लासला परदेशी भाषा शिकणारे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून बाहेरदेशी कोटेशनं पाठवणारे, आणि हे दोघेही शेवटी ज्यांच्या दारात येतात ते डीटीपीवाले. यासाठी वेगळा कीबोर्ड किंवा विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहेच. पद्धत कुठली घ्यायची हे मात्र मजकूर किती आहे त्यावर ठरवा. अख्ख्या इंग्रजी पत्रात दोनच जर्मन नावं येणार असतील तर त्यासाठी जर्मन कीबोर्ड बसवून डोक्याला ताप करून घेऊ नका.

दोन-चार अक्षरांपुरतं काम

विंडोज + आय दाबून सेटिंग्ज उघडा. टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रिजन (विंडोज १० मध्ये नुसतं लँग्वेज). यादीतल्या इंग्लिशसमोर लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा, ॲड अ कीबोर्ड म्हणा आणि ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ निवडा. जुना इंग्रजी कीबोर्ड काढू नका, तो लागणार आहे.

आता दुहेरी अवतरणाची कळ दाबून मग ए, ओ किंवा यू दाबलं की डोक्यावर दोन टिंबं असलेलं जर्मन अक्षर उमटतं. एकेरी अवतरण आणि मग ई दाबलं की फ्रेंचचा तिरकी रेघवाला ई. उजवा ऑल्ट + एस म्हणजे जर्मन जोड-एस, उजवा ऑल्ट + एन म्हणजे स्पॅनिश एन, उजवा ऑल्ट + ५ म्हणजे युरोचं चिन्ह. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश तिन्ही एवढ्यात भागतात. फ्रेंचच्या मूळ कीबोर्डच्या वाटेला तर जाऊच नका. त्यात ए आणि क्यू यांची अदलाबदल आहे आणि आकड्यांसाठी शिफ्ट धरावी लागते.

एक गोष्ट लगेच जाणवेल. अवतरणचिन्हाची कळ दाबली तरी पडद्यावर काहीच येत नाही, कारण ती पुढच्या अक्षराची वाट बघत असते. नुसतं अवतरण हवं असेल तर तिच्यामागून स्पेसबार दाबा. एक्सेलच्या फॉर्म्युल्यात अवतरणानंतर ए किंवा ओ आला की त्याच्या डोक्यावर टिंबं बसतात आणि फॉर्म्युला बोंबलतो, ते याच कारणाने. म्हणून हिशेबाच्या वेळी साध्या इंग्रजीवर परत या.

ऑल्ट धरून ०२५२ असे आकडे दाबायची जुनी युक्तीही चालते (०२२८ ए, ०२४६ ओ, ०२५२ यू, ०२२३ जोड-एस). पण आकडे उजवीकडच्या नंबर पॅडवरचेच लागतात आणि नम लॉक चालू हवं. छोट्या लॅपटॉपवर नंबर पॅडच नसतो, तिथे हा नाद सोडा.

काहीच हाताशी नसेल तर टिंबं नुसती गाळू नका. जर्मनमध्ये त्याजागी त्या स्वरापुढे ई लावतात, जोड-एसच्या जागी दोन एस. नुसती टिंबं गाळली तर आडनावच वेगळं होतं. बँकेच्या आणि कस्टम्सच्या कागदांवर मात्र स्वतःचं डोकं न चालवता, गिऱ्हाइकाने आपल्या लेटरहेडवर जे स्पेलिंग छापलंय तेच ठेवा.

पानंच्या पानं असतील तर

मग त्या भाषेचा कीबोर्ड बसवा. सेटिंग्जमधल्या लँग्वेजच्या त्याच पानावर ॲड अ लँग्वेज, भाषा निवडा, पुढच्या खिडकीत ‘सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज’ ची खूण काढलेली आहे ना ते पाहा. ती राहिली तर पुढच्या वेळी सगळे मेनू जर्मनमध्ये दिसतील. स्पीच आणि हँडरायटिंगच्या खुणाही काढा, नुसत्या टायपिंगला त्यांची गरज नाही. भाषा बदलायला विंडोज + स्पेस. कुठली कळ कुठे गेली हे बघायला विंडोज + कंट्रोल + ओ दाबा, पडद्यावर कीबोर्ड येतो आणि भाषा बदलली की त्यावरची अक्षरंही बदलतात.

जर्मनमध्ये वाय आणि झेड एकमेकांच्या जागी गेलेले असतात. टिंबवाला यू पी च्या उजवीकडे, टिंबवाला ओ एल च्या उजवीकडे, त्याच्या शेजारी टिंबवाला ए, आणि शून्याच्या उजवीकडे जोड-एस. ईमेलचं ॲट चिन्ह उजवा ऑल्ट + क्यू वर आहे. दर टाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: जर्मन कीबोर्ड चालू असताना नंबर पॅडवरच्या टिंबाच्या कळीतून स्वल्पविराम येतो. आपल्याकडच्या सेटिंगवर चालणारं एक्सेल त्याला दशांश मानत नाही.

रशियनचा धोका वेगळाच. रशियनमधलं ‘स’ चं अक्षर दिसायला हुबेहूब इंग्रजी सी, आणि बसतंही सी च्याच कळीवर. कीबोर्ड बदलायचा विसरून पार्ट नंबर टाकला तर पहिलं अक्षर सी असताना डोळ्याला काहीच खटकत नाही, पण शोधल्यावर तो नंबर सापडत नाही. शंका आली तर एक्सेलमध्ये त्या सेलवर युनिकोड हे फंक्शन चालवा. ६७ आलं तर इंग्रजी, १०५७ आलं तर रशियन. कळा पाठ नसतील तर भाषेच्या ऑप्शन्समध्ये ‘रशियन-नेमॉनिक’ कीबोर्डही मिळतो, त्यात अक्षरं बरीचशी इंग्रजी उच्चाराप्रमाणे बसतात.

जपानी

इथे कीबोर्ड नव्हे तर आयएमई लागतो: तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करायचं, तो हिरागाना (जपानीची साधी उच्चारलिपी) करतो, स्पेसबार दाबला की कांजीचे (चिनी चित्राक्षरांचे) पर्याय देतो, एंटरने पक्कं करायचं. टॅबच्या वरची कळ ऑल्टसोबत दाबली की इंग्रजी-जपानी अदलाबदल होते. कातकाना (परदेशी नावांची लिपी) हवा तर एंटरच्या आधी एफ७, पुन्हा रोमन हवं तर एफ१०.

मराठी माणूस अडतो तो ‘ल’ पाशी. एल आणि ए दाबलं तर ‘ला’ येत नाही, बुटका ‘अ’ येतो, कारण एल ही कळ छोट्या स्वरांसाठी राखलेली आहे. र आणि ल दोन्हींना आर. कोल्हापूर लिहायचं तर को, रु, हा, मग वजाबाकीचं चिन्ह, पु, रु आणि एफ७. ते वजाबाकीचं चिन्ह म्हणजे दीर्घ स्वराची रेघ. शब्दातला अर्धा न हवा तर एन दोनदा. ‘किनेन’ मध्ये मधला एन एकदा दाबला तर स्मरणार्थ, दोनदा दाबला तर धूम्रपानबंदी. वाक्यातला ‘वा’ हा प्रत्यय मात्र एच-ए असाच टाइप होतो.

चिनीचंही तंत्र हेच, पिनयिनमध्ये (म्हणजे रोमन अक्षरांतल्या चिनीत) टिंबवाल्या यू साठी व्ही दाबायचं एवढं ध्यानात ठेवा.

अरबी, उर्दू

कीबोर्ड बसवलात तरी परिच्छेदाची दिशा उलटवावी लागते. वर्डमध्ये उजवा कंट्रोल + उजवा शिफ्ट, परत फिरायला डावीकडची जोडी. ओळीत मध्येच फोन नंबर आला आणि मधल्या आडव्या रेघेमुळे त्याचे तुकडे उलटसुलट दिसू लागले, तर नंबर उलटा टाइप करून ‘जुळवू’ नका. दुसऱ्या मशीनवर गेला की तो खरंच उलटा दिसेल. दिशेची अदृश्य खूण टाकायची असते. वर्डच्या इन्सर्ट सिंबॉलमध्ये, स्पेशल कॅरॅक्टर्समध्ये ती लेफ्ट-टू-राइट मार्क नावाने मिळते.

डीटीपीला देताना

खरी फजिती इथेच होते. जुन्या पेजमेकरला युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) कळत नाही, आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवून काम करतात. अशा फाइलमध्ये जर्मन मजकूर चिकटवून ‘सिलेक्ट ऑल’ करून फॉन्ट लावला की त्याचा पार चिवडा. अरबीची अक्षरं तर एकमेकांपासून सुटून, उलट्या क्रमाने लागतात, आणि लिपी न येणाऱ्याला ते कळतही नाही. परदेशी मजकूर इनडिझाइनसारख्या युनिकोड सॉफ्टवेअरमध्येच लावा, अरबीसाठी त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर मजकूर बिघडलेला नसतो, त्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नसतात. गुगलचा फुकट मिळणारा नोटो फॉन्ट लावून पाहा.

प्रेसला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. देण्याआधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल + डी दाबून फॉन्ट्सच्या टॅबवर जा आणि प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला) लिहिलंय का ते बघा. एखाद्या जरी नावापुढे ते नसेल तर फाइल परत करून आणा. अक्षरांचे कर्व्ह्ज (नुसत्या आकृत्या) करायचेच असतील तर ती भाषा येणाऱ्या माणसाने प्रूफ पाहिल्यावरच करा, कारण त्यानंतर एक टिंबसुद्धा टाइप करून दुरुस्त होत नाही.