लॉच्या पोरांना फॉरमॅट नका देऊ, फाईल द्या

इंदूरला लॉ शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय. पोरं एलएलबी होऊन डिस्ट्रिक्ट कोर्टात सिनियरकडे जातात आणि साधी नोटीस लिही म्हटलं की फॉरमॅट शोधत बसतात. ड्राफ्टिंगचा पेपर असतो की, पण त्यात पाठ केलेले नमुने उतरवतात, बस.

तर कागद द्या. सियागंजातल्या कुणा व्यापाऱ्याचा चेक बाऊन्स झालाय असं धरा आणि चेकची झेरॉक्स, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो, बिलं, व्हॉट्सअॅपवरचं 'भिया, सोमवारी पक्का देतो' आणि मुद्दाम एक-दोन फालतू कागद असं सगळं उलटसुलट लावून फाईल हातात ठेवा. पहिल्या तासाला लिहायचं काही नाही, नुसता तारखांचा तक्ता. चेक बाऊन्सचं कलम 138 तोंडपाठ असतं हो, पण मेमो 3 मार्चला मिळाला तर नोटीस 2 एप्रिलपर्यंत निघालीच पाहिजे हे कॅलेंडरवर बोट ठेवून मोजल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते संपायच्या आत केस टाकली तर टिकत नाही, संपले की पुढच्या महिन्याभरात टाकायची.

मग ड्राफ्ट. त्यात हमखास येतं, 'आपण माझ्या पक्षकाराचा अत्यंत कपटाने विश्वासघात केला आहे.' खोडा ते. त्याजागी, 'बिलापोटी आपण दिलेला 80,000 रुपयांचा चेक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत आला.' मागणी चेकच्या रकमेची स्पष्ट हवी, व्याज-खर्च मागायचाच तर वेगळा दाखवा, सगळं एकाच आकड्यात कोंबलं की समोरचा वकील तिथेच धरतो.

बोलण्याचं म्हणाल तर मूटमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात, पोरांचा अर्धा जीव कोट-बँड आणि 'मे इट प्लीज युअर लॉर्डशिप' यातच जातो. त्यापेक्षा जामिनाचा अर्ज द्या, तीन मिनिटं द्या, आणि दुसऱ्याच वाक्याला अडवा, 'आरोपी कधीपासून आत आहे? चार्जशीट आली?' आधी उत्तर, मग युक्तिवाद, ही सवय लागेपर्यंत अडवत राहा. (आणि जामिनासाठी अजून कोणी जुन्या सीआरपीसीचं कलम 439 म्हणत असेल तर जुन्या नोट्स आधी काढून घ्या, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं 483 आहे.) खालच्या कोर्टात हिंदी चालते, हायकोर्टाच्या बेंचसमोर इंग्रजी, त्यामुळे तोच अर्ज दोन्ही भाषांत करून घ्या, आणि घरी मराठी बोलणाऱ्यांना आधी केस मराठीत सांगू द्या, कुठे गडबड आहे ते लगेच कळतं.

तपासताना पानभर लाल करू नका, तीन ठिकाणी खूण करा आणि परत लिहून आणायला सांगा. मार्क दुसऱ्या ड्राफ्टलाच.