आजचे कामगार कलम कालच्या संपाशी कसे जोडावे

आजच्या कामगार धोरणावर इतिहासाच्या आधारे लेख लिहिताना संपूर्ण धोरण एकदम हाती घेऊ नये. एकच कलम निवडावे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. व्यवस्थापनाशी वाटाघाट कोणत्या संघटनेने करायची हे ठरवणारे तिचे कलम १४ या कामासाठी उत्तम आहे, कारण नेमक्या याच प्रश्नावर मुंबईच्या गिरणगावात अनेक दशके झगडा चालू होता.

कलम वाचताना प्रथम त्यातील आकडे अधोरेखित करावेत. एकाहून अधिक नोंदणीकृत संघटना असतील, तर हजेरीपटावरील किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाट करते. असा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बसते. आता मागे जावे. कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला कामगार चळवळीत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एमआरटीयू-पीयूएलपी’ म्हणतात, मान्यतेसाठी ३० टक्के सभासदत्व पुरेसे होते. त्याआधीच्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ मध्ये ‘प्रातिनिधिक संघटना’, म्हणजे कामगारांच्या वतीने करार करणारी संघटना, ठरत असे ती एकेका गिरणीपुरती नव्हे, तर त्या भागातील संपूर्ण उद्योगापुरती. म्हणूनच केवळ टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून तुलना करणे फसवे असते. टक्के कशाचे, सभासदांचे की समर्थकांचे, आणि ते कोणत्या पटावर मोजायचे, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. कंत्राटदाराकडून आलेला कामगार आस्थापनेच्या पटावर धरला जातो का, हा आजचा प्रश्न याच नोंदीतून पुढे येतो.

यानंतर त्या तरतुदीची प्रत्यक्षात कसोटी लागली तो प्रसंग शोधावा. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कायद्याने प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. संपावरील कामगार ज्यांच्या मागे उभे होते, त्यांच्याशी करार करण्याची वाटच कायद्यात नव्हती. पगारवाढ आणि बोनसबरोबर १९४६ चा कायदा रद्द करण्याची मागणी म्हणूनच पुढे आली, आणि संपाच्या आठवणींत नेमकी हीच मागणी बहुधा गळते. तरीही ‘१९८२ च्या संपामुळे कलम १४ आले’ असे लिहू नये. तसा कार्यकारणभाव दाखवायला संहितेचा मसुदा तयार होत होता त्या काळातील कागद लागतात. संपाने उघड केलेला प्रश्न नवे कलम कितपत सोडवते, एवढेच विचारावे.

कधी कधी नवा वाटणारा आकडा जुनाच निघतो. कामगारकपात, ले-ऑफ (कामगारांना तात्पुरते काम न देणे) किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० कामगारांपासून लागते, आणि ही मर्यादा शंभरावरून वाढवली, असे सर्वत्र लिहिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे: १९७६ मध्ये ही तरतूद प्रथम आली तेव्हाही आकडा ३०० च होता, तो १०० वर आणणारी दुरुस्ती १९८२ ची, आणि ती १९८४ पासून अमलात आली.

संपाच्या नोटिशीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात (औद्योगिक विवाद अधिनियम) नोटिशीची सक्ती रेल्वे, पाणी, वीज यांसारख्या सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. नव्या संहितेत १४ दिवसांची नोटीस सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. संपावर कायद्याचे बंधन घालण्याविरुद्ध मुंबईत ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला होता. त्या वेळची विधिमंडळातील चर्चा मुळातून वाचावी. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आजही ओळखीचे वाटतात.

साधनांपैकी कायद्याचा मूळ पाठ आणि त्यातील दुरुस्त्यांच्या तारखा आधी पाहाव्यात. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ पासून काढलेले ‘लेबर गॅझेट’ त्या काळातील संप, वेतन आणि राहणीखर्चासाठी फार उपयोगी आहे. निवृत्त कामगारांच्या मुलाखती जरूर घ्याव्यात, मात्र तारखा व रकमा करारपत्र किंवा पगारपत्रकाशी ताडून पाहाव्यात.

लेखाचा मसुदा झाल्यावर इतिहासाचा भाग झाकून धोरणाचा भाग वाचावा. त्यातील एकही वाक्य अडत नसेल, तर दोन्ही भाग अजून जोडले गेलेले नाहीत. अशा वेळी नवी माहिती भरण्याऐवजी अधोरेखित आकड्यांकडे परत जावे.