सोलापुरात पावसाचं पाणी जिरवताना या चुका टाळा

काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात तासाभराच्या पावसाने गल्लीत गुडघाभर पाणी साचतं, याचं मनापासून वाईट वाटतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला, की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी पडतं. सगळ्या गल्लीने ते एकदमच रस्त्यावर सोडलं, तर गटाराला पेलणार कसं? त्यात हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे मोठ्या सरी आणखी जोरात कोसळतात.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ भागात जे झालं, ते घरच्या टाकीने थांबणारं नव्हतं. गल्लीत तुंबणारं पाणी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

काळ्या मातीतच शोषखड्डा संपवणं

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. चार-पाच फूट खोदायचं, दगड-खडी भरायची, वर जाळी टाकायची, आणि पहिल्याच पावसात खड्डा काठोकाठ भरून दोन दिवस तसाच! काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या उन्हाळी भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरतच नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायलाच हवा. खडी भरण्याआधी त्यात पाणी ओतून बाजूला खूण करा. रात्रभरात पातळी जेमतेम हलली, तर अजून खाली जा. खाली सलग कातळ लागला, तर तिथे शोषखड्ड्याचा हट्ट सोडा आणि साठवणीची टाकी करा.

भिंतीला चिकटून खड्डा घेऊ नका. पायाखालची काळी माती भिजून फुगली की भिंतीला तडे जातात. निदान दहा फूट अंतर ठेवा, सेप्टिक टँकपासूनही लांबच राहा.

गच्चीचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरला

पावसात चेंबर उसळून मैला रस्त्यावर येतो, तो बऱ्याचदा यामुळेही. प्लंबरला सांगून जोड तोडा.

गाळणीशिवाय बोअरमध्ये पाणी

धूळ, पाखरांची विष्ठा, चिंचेचा पाला थेट खाली गेला, तर भूजल बिघडतं आणि गाळाने बोअरही बुजतो. पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या व्हॉल्व्हने बाहेर काढा, उरलेलं वाळू-खडीच्या गाळणीतून सोडा. पत्र्याच्या घरांनाही हे जमतं, पन्हळीचा उतार मात्र नीट हवा. रस्त्यावरचं पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नका, त्यात ऑइल आणि गटारही असतं.

पेव्हर ब्लॉकखाली कोबा

ब्लॉक बसवले म्हणजे पाणी जिरतंच असं नाही. खाली सिमेंटचा कोबा आणि सांधेही सिमेंटने भरलेले असले, तर ती फरशीच झाली. खडी-वाळूच्या थरावर बसवा, सांध्यात बारीक वाळू भरा.

फक्त मे महिन्यात सफाई

सोलापूरचा सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. तोवर जूनपासूनचा पाला जाळीवर थर धरून बसलेला असतो. गणपतीच्या सफाईत गच्चीची जाळी आणि गाळणीही धरा. वाळूचा वरचा थर काळा पडला असेल, तर तो काढून धुऊन पुन्हा भरा.

टाकी कायम भरलेली ठेवणं

पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसाला भरलेली टाकी रिकामी करवत नाही, हे अगदी खरं. पण भरलेल्या टाकीत पुढची सर मावत नाही, ती सगळी रस्त्यावरच जाते. उपाय साधा आहे. पावसाच्या टाकीला मध्यावर अर्ध्या इंचाचा पाईप काढा आणि तो शोषखड्ड्यात सोडा. खालचं अर्धं पाणी वापराला राहतं, वरचं सावकाश जिरतं आणि पुढच्या सरीला जागा होते. त्या पाईपच्या तोंडाला बारीक जाळी लावा, म्हणजे डास आत शिरणार नाहीत.