मासिकातली गाड्यांची कम्पॅरिझन टेस्ट वाचताना काय काय तपासायचं

आपल्याकडं कुणी गाडी घ्यायचं काढलं की घरातला कुणीतरी लगेच मासिकातलं कम्पॅरिझन काढून दाखवतो, ही अकरा सेकंदात शंभर गाठते, ती साडेअकरा घेते, विषय संपला. मला हे पटत नाही. आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही, पण तो ज्या रस्त्यावर, ज्या हवेत, जेवढ्या वजनानं काढलाय तेवढ्यापुरताच खरा असतो, आणि दहा-बारा लाख घालायचे असतील तर कोण जिंकलं हे शेवटी वाचा, टेस्ट कशी घेतली ते आधी वाचा.

पहिल्यांदा बघा कुणाला कुणासमोर उभं केलंय. एकीचं टॉप मॉडेल टर्बो ऑटोमॅटिक आणि दुसरीचं मधलं साधं पेट्रोल मॅन्युअल असं असेल तर ती टेस्ट तिथंच सोडून द्या. दोन्हीची ऑन-रोड किंमत तुमच्या आरटीओच्या हिशेबानं काढा, मासिकात बहुतेक एक्स-शोरूम किंमत असते आणि आपल्याकडं टॅक्स धरून फरक चांगलाच वाढतो.

मग शून्य ते शंभर. यात गिअरचा एक प्रकार असतो तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समजा एका गाडीचा सेकंड गिअर ९७ ला संपतो आणि दुसरीचा १०४ पर्यंत ओढतो, तर पहिलीला शंभरच्या आत थर्ड टाकावाच लागतो आणि त्या एका शिफ्टमध्ये अर्धा सेकंद सहज जातो. इंजिन तेवढंच दमदार असलं तरी टेबलात ती मागं पडलेली दिसते. म्हणून शून्य ते ऐंशी, शून्य ते एकशेवीस हे आकडेही शेजारी ठेवून बघा, तिथं क्रम बदलला तर समजायचं की फरक गिअरिंगचा आहे, ताकदीचा नाही. आणि दोन वेगळ्या मासिकांचे आकडे एकमेकांसमोर ठेवूच नका. अमेरिकन मासिकं गाडी पहिला फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात, त्यात साधारण ०.३ सेकंद वाचतात, शिवाय त्यांचे साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, पूर्ण शंभर नव्हे. दोन्ही दिशांनी रन घेऊन सरासरी काढली की नुसती बेस्ट रन छापली हेही शोधा, वारा आणि रस्त्याचा उतार धरला तर ०.२ सेकंदाच्या फरकाला काही अर्थ राहत नाही.

आता आपल्या भागाचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का कमी होते, म्हणजे इथं सात-आठ टक्के गेलीच की. टर्बो इंजिन विरळ हवाही दाबून आत घेतं म्हणून त्याला एवढा फटका बसत नाही. मुंबईत समुद्राच्या लेव्हलला घेतलेल्या टेस्टमध्ये साधी पेट्रोल गाडी टर्बोच्या बरोबरीनं पळालेली असली तर इथं ती मागं पडणार. घरी साधी पेट्रोल गाडी असेल तर चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात की बघा, तीच गाडी तिथं मोकळी ओढते. त्यामुळं टेस्ट कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात झाली हे दिलेलं नसेल तर त्या टेबलावर माझा अर्धाच विश्वास.

वजनाचंही तसंच. टेस्टला बहुतेक वेळा एक-दोन माणसं असतात. आपण पाच जण, डिकीत बॅगा, वर तांदळाचं पोतं. अकराशे किलोच्या गाडीत साडेतीनशे-चारशे किलो वाढले की छोट्या इंजिनाची गाडी बेळगावजवळच्या वंटमुरी घाटाच्या चढाला सेकंडवर येते, आणि हे कुठल्याच टेबलात नसतं.

शून्य ते शंभरपेक्षा आपल्याला रोलिंगचे, म्हणजे चालत्या गाडीचा वेग वाढवायला किती वेळ लागतो त्याचे आकडे जास्त उपयोगी. साखर कारखाने सुरू झाले की संकेश्वर-चिक्कोडी बाजूला डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर किती असतात माहितीच आहे, तुम्ही तीसवर मागं अडकलेले असता आणि पास करायला ३० ते ८० पाहिजे. सरासरी ५५ चा वेग धरला तर एक सेकंद जास्त म्हणजे राँग साइडला पंधरा मीटर जास्त. पण इथंही तपासा, काही टेबलांत ऑटोमॅटिकचा आकडा किकडाउन करून, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गिअर खाली पाडून घेतलेला असतो आणि मॅन्युअलला टॉप गिअरमध्येच ठेवलेलं असतं, ही तुलनाच नव्हे.

ब्रेकिंगमध्ये ८० ते शून्य की १०० ते शून्य ते नीट वाचा. ८० वरून २६ मीटरमध्ये थांबणारी गाडी १०० वरून थांबायला साधारण ४० मीटर घेते. आणि टायर कुठल्या कंपनीचे, किती रुंद ते बघा, शोरूमची गाडी वेगळ्या टायरवर येत असेल तर तो ब्रेकिंगचा आकडा तुमच्या गाडीचा नाही.

टेस्टची गाडी आली कुठून हा प्रश्न जुनाच आहे. मार्च १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कार अँड ड्रायव्हर मासिकानं पॉन्टिअॅक जीटीओची तुलना फेरारी जीटीओशी केली, शून्य ते साठ मैल ४.६ सेकंद छापलं आणि खळबळ उडाली. त्या टेस्टमध्ये फेरारी समोरासमोर पळालीच नव्हती. आणि पॉन्टिअॅकच्या मार्केटिंगचं काम बघणाऱ्या जिम वँगर्स यांनी नंतर कबूल केलं की त्या गाडीत गिऱ्हाइकाला मिळणारं ३८९ घन इंचाचं नव्हे तर ४२१ चं इंजिन होतं. म्हणून गाडी कंपनीनं दिली की मासिकानं डीलरकडून घेतली, हे लिहिलंय का ते शोधा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, पार्टी सॅम्पल पीस एक नंबर पाठवते पण आपण लॉटमधला पीस उचलून गेज लावतो.

शेवटी मार्क. पाचशेपैकी तीन-चार मार्कांनी एखादी गाडी जिंकते तेव्हा परफॉर्मन्सला किती मार्क ठेवले होते आणि मागच्या सीटला, सर्व्हिसला किती हे बघा, मग तेच टेबल तुमच्या गरजेप्रमाणं वहीत परत मांडा. पुष्कळदा पहिला नंबर बदलतो. निकालाच्या मागच्या पानावर त्याच गाडीची फुल पेज जाहिरात असेल तर तेवढ्यावरून चोर ठरवू नका, पण आकडे अजून एका ठिकाणी ताडून बघा.

एवढं झाल्यावर टेस्ट ड्राइव्ह मागा, पण शोरूमच्या ठरलेल्या सपाट रस्त्यावर नको. घरातली चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून काकतीच्या पुढं वंटमुरी घाटापर्यंत न्या, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, शक्यतो दुपारच्या उन्हात, टायरमधली हवा आधी चेक करून. मोबाईलवर जीपीएस स्पीड लावा कारण स्पीडोमीटर बहुतेक गाड्यांत थोडं जास्तच दाखवतं, घड्याळ मागच्या सीटवरच्याकडं द्या, ड्रायव्हरनं फक्त रस्ता बघायचा. रस्ता मोकळा असेल तरच ३० ते ८० घ्या, एकाच चढाला, दोन्ही गाड्यांना सारख्याच वेळा. सेल्समन घाटात न्यायला नाही म्हणाला तर दुसऱ्या डीलरला फोन लावा, धारवाड-हुबळीला नाहीतर कोल्हापूरला कुणीतरी तयार होतंच.