इम्प्लांटला यूव्ही द्यायचं असेल तर आधी हे वाचा

लातूरला आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये इम्प्लांटवर (म्हणजे दाताच्या जागी हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूवर) यूव्ही म्हणजे अतिनील किरण मारायची मशीन आल्यापासून ज्युनिअर डॉक्टरांचे फोन चालू झालेत, सर किती मिनिटं ठेवायचं. अरे मिनिटं मॅन्युअलमध्ये लिहिलेली असतात, गडबड होते ती त्याच्या आधी आन् नंतर, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतो.

मुळात हे करायचं कशाला तर टायटॅनियम म्हातारं होतं. सीलबंद पॅकमध्ये असलं तरी हवेतले हायड्रोकार्बन त्याच्या ऑक्साइडच्या थरावर बसत राहतात, काही आठवड्यांतच ते पाणी धरेनासं होतं. एखादा एक्स्पायर झालेला इम्प्लांट घ्या, त्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडा, अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसतो. आता तोच मशीनमधून काढून परत थेंब टाका, पसरून जातो. रक्तही तसंच पसरतं आणि हाडाच्या पेशी जास्त चांगल्या चिकटतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे ताकाहिरो ओगावा यांच्या टीमने यावर बरंच काम केलंय, 2009 च्या पेपरमध्ये उंदरांत चार आठवड्यांत हाडाचा इम्प्लांटशी संपर्क 55 टक्क्यांवरून 98 च्या आसपास गेला. आता उंदीर काही गुटखा खात नाही, त्यामुळे हा आकडा पेशंटला सांगत बसू नका. माणसांवरचे निकाल मिश्र आहेत, मी याला जोडीला मदत एवढंच समजतो.

इम्प्लांट कोणता आहे ते आधी बघा. सलाइनमध्ये बुडवून येणारे असतात ते आधीच पाणी धरणारे असतात, त्यांना लाइट द्यायची गरज नाही. कोरड्या पॅकवाल्याला द्या, पण प्लास्टिकच्या डबीतून काढून, कारण प्लास्टिक आणि साधी काच दोन्ही यूव्हीसी (कमी वेव्हलेंग्थचं, जास्त तीव्र यूव्ही) अडवतात. मशीनसोबत स्टराइल होल्डर येतो त्यात वरच्या कनेक्शनला धरून बसवायचा, आट्यांना ग्लोव्हज, गॉज, काही काही लागू द्यायचं नाही.

टायमिंग हा खरा खेळ. सकाळीच सगळे इम्प्लांट लाइट देऊन ट्रेमध्ये मांडून ठेवणारे महाभाग पण बघितलेत मी, बाहेर काढला की कार्बन परत बसायला सुरुवात होते मग केलेल्याचा उपयोग काय. जुन्या मशीनला 12 ते 20 मिनिटं लागतात, म्हणून शेवटच्या दोन ड्रिल राहिल्या की असिस्टंटने बटण दाबायचं, तुमचं हाडातलं भोक तयार झालं की इम्प्लांट तयार. 172 नॅनोमीटर वेव्हलेंग्थवाल्या नव्या मशीनचं काम एका मिनिटात होतं, तिथं ड्रिलिंग पूर्ण झाल्यावरच लावा. काढला की सरळ हाडात, आणि पहिलं रक्त लागलं पाहिजे, लाळ नाही, सक्शन धरणाऱ्याला आधीच ताकीद देऊन ठेवा.

आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही त्यामुळे मशीन यूपीएसवर घ्या. मधेच बंद पडली तर उरलेली मिनिटं मोजत बसू नका, पूर्ण सायकल परत चालवा.

जुगाड अजिबात नको. आरओच्या फिल्टरची ट्यूब, नेलपॉलिश वाळवायचा दिवा, सगळं विचारून झालंय मला. नेलच्या दिव्याची वेव्हलेंग्थच वेगळी, आणि उघडी यूव्हीसी ट्यूब डोळ्यांची वाट लावते, संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. काही मशीन ओझोन पण सोडतात, खिडकी उघडी ठेवा.

हे सगळं केलं तरी टॉर्क (इम्प्लांट आवळताना हाडात मिळणारी पकड) मिळाला नाही, ड्रिल करताना हाड भाजलं, शुगर वाढलेली, तंबाखू चालूच, यातलं काही यूव्हीने भरून निघत नाही. पेशंट म्हणतो लाइट मारली ना मग महिन्यात दात बसवा की, तर आयएसक्यू (इम्प्लांट हाडात किती घट्ट बसलाय त्याचा आकडा) मोजा आणि आकडा बघून ठरवा, पेशंटच्या घरच्या लग्नाची तारीख बघून नाही.

उघडलेला इम्प्लांट साइज चुकल्यामुळे उरला तर परत लाइट देऊन दुसऱ्या पेशंटला लावायचा नाही, कितीही जीवावर आलं तरी. आणि दिवा निळा दिसतोय म्हणजे चांगला आहे असं नसतं, त्याची ताकद हळूहळू उतरते, वापराचे तास एका वहीत लिहीत चला आन् कंपनीने सांगितलेले तास भरले की दिवा बदला.