‘टीपीएम २.० नाही’ असं आलं तरी लगेच नवा कॉम्प्युटर घेऊ नका

विंडोज १० वरून ११ वर जाताना हा संदेश दिसला, की मशीन जुनं झालं असं वाटतं. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी मशीनमधली सोय; विंडोज ११ ला ती लागते. बऱ्याचदा ती आत असते, फक्त बंद असते.

१. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप’चं ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबा.
२. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ (विंडोज सुरू होण्याआधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंग्ज).
३. इंटेल प्रोसेसर असेल तर ‘पीटीटी’, एएमडी असेल तर ‘एफटीपीएम’ (टीपीएमलाच या कंपन्यांनी दिलेली नावं) शोधून चालू करा. बहुधा सिक्युरिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सापडतं; प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून इथे घाई नको. सेव्ह करून बाहेर पडा.

बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. या बदलानंतर मशीन ती मागू शकतं.