चढावर ओलांडताना काय बोलावं, काय गिळावं

गोव्यातल्या केरीतून चोर्ला घाटाकडे निघालं की अंजुणे धरणाचं पाणी मागे पडतं आणि रस्ता वर वळायला लागतो. रविवारी सकाळी इथे तुम्ही सायकलवरून चढताना दोन-चार सायकलवाल्यांना तरी मागे टाकता. त्यातला एखादा अंगाने जड असतो, घामाने निथळत असतो, आणि त्याला बघून काहीतरी चांगलं बोलावं असं मनात येतं. तसं जरूर बोलावं. पण बहुतेक जण चुकीच्या क्षणी चुकीचं वाक्य बोलतात, आणि त्याच्या अंगाला घासून जाताना बोलतात.

आधी त्याचे पाय किती काम करतायत ते बघू. ७ टक्के चढ म्हणजे १०० मीटर रस्त्यामागे ७ मीटर उंची. स्वार ६५ किलोचा आणि सायकल १० किलोची असेल, तर ताशी ८ किलोमीटर वेगाला साधारण १२५ वॉट लागतात. स्वार १०० किलोचा आणि सायकल १२ किलोची असेल, तर त्याच वेगाला १८५ च्या आसपास. उलटं बघा: तो ताशी साडेपाचने चढत असेल आणि तुम्ही आठने, तर दोघांचे पाय सारखंच काम करतायत. तुम्ही पुढे जाताय ते वजनाच्या हिशेबाने, जोराच्या हिशेबाने नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की तोंडातून निघणारी निम्मी वाक्यं आपोआप बदलतात.

दुसरा हिशेब गिअरचा. रोड बाईकला पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे मोठ्यात मोठं २८ चं असेल, तर ताशी साडेपाचला पेडल मिनिटाला जेमतेम ३५ वेळा फिरतं. सपाटीवर हाच माणूस ८० ने फिरवतो. इतक्या कमी फेऱ्यांत प्रत्येक पेडल म्हणजे जिना चढल्यासारखं: खांदे डुलतात, श्वास तुटतो, पुढचं चाक एक-दीड फूट डावी-उजवीकडे जातं. म्हणून तो तुमच्या बोलण्याला उत्तर देत नाही. त्यात तुसडेपणा काही नसतो, बोलायला हवाच शिल्लक नसते. उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न चढात विचारूच नका. ‘कुठून आलात?’ हा प्रश्न वर पोचल्यावर चहासोबत विचारायचा.

ओलांडायची जागा

ही निवड वाक्यापेक्षा महत्त्वाची आहे. पन्नासेक मीटर मागून त्याची चाल बघून घ्या. चाक नागमोडी जात असेल तर बाजूने किमान दीड मीटर जागा हवी. सरळ जात असेल तर एक मीटर चालतं.

डाव्या हाताच्या तीव्र वळणावर कधीही ओलांडू नका. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणात आतली कड आपल्या वाट्याला येते आणि तिथेच चढ सगळ्यात उभा असतो. जड अंगाचा, अनुभवी स्वार तिथे मुद्दाम उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे सरकतो, कारण बाहेरून चढ सौम्य पडतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही उजवीकडून शिरलात तर त्याला परत उभ्या कडेवर ढकलता, आणि तो पाय टेकतो. वळण संपून रस्ता सरळ झाला की मग जा.

मागे बघितल्याशिवाय तर नाहीच. अनमोडच्या घाटात वर चढणारे आणि खाली उतरणारे ट्रक एकाच वेळी भेटतात. मागून ट्रक येत असेल तर पाच-सहा मीटर मागे थांबा, ट्रकला जाऊ द्या. पुढच्या सायकलवाल्याच्या चाकाला चिकटून राहू नका. मागे कुणीतरी फुसफुसतंय हे कळलं की माणूस ताकदीबाहेर जोर लावतो आणि दोनशे मीटरवर संपतो. पावसाळ्यात डावी कड शेवाळाने निसरडी असते. तेव्हा तो रस्त्यावर जरा आत चालत असेल तर ते बरोबरच आहे, ‘बाजूला घ्या’ म्हणू नका.

घंटी एकदाच, दहा-पंधरा मीटर आधी. कानाजवळ पोचून अचानक बोललात तर दचकून हँडल हलतं, आणि इतक्या कमी वेगात हललेलं हँडल सावरायला वेळ लागतो. हौसेने पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू लावला असेल तर तो घाटात वाजवू नका. गोव्याच्या माणसाला तो ऐकला की पाव आठवतो, आणि पोट रिकामं असताना ही चेष्टा बरी नव्हे.

पाच सेकंदांचं बोलणं

तुम्ही त्याच्यापेक्षा ताशी अडीच किलोमीटर जास्त वेगाने जात असाल तर बरोबरीने असण्याचा काळ सुमारे पाच सेकंद. एवढ्यात एक वाक्य बसतं. ते बरोबरीला आल्यावर, नजर रस्त्यावर ठेवून, साध्या आवाजात म्हणायचं. पुढे निघून गेल्यावर मान वळवून ओरडलेलं वाक्य शेरा वाटतो.

कसोटी एकच: हेच वाक्य तुम्ही सडपातळ सायकलवाल्याला म्हणाला असता का? ‘नमस्कार, उजवीकडून येतोय’ म्हणाला असता. ‘पेडलची लय मस्त धरलीय’ म्हणाला असता, अर्थात ती खरोखर धरलेली असेल तर. ‘आज वारा आहे बरं का’ हेही चालतं. त्यात दोघे एकाच वाऱ्याविरुद्ध आहेत. कोकणीत नुसतं ‘बरें चलता’ पुरतं. आणि रस्ता माहीत असेल तर सगळ्यात उपयोगी वाक्य माहितीचं असतं: ‘दोन वळणांनंतर जरा सपाट आहे.’ हे ऐकून माणूस श्वास वाटून घेतो. मात्र वळणं मोजलेली असली पाहिजेत. ‘आलंच आता’ हे घाटातलं सगळ्यात जुनं खोटं. पुढच्या वळणावर आणखी चढ दिसला की ऐकणाऱ्याचे पाय तिथेच गळतात.

गिळायची वाक्यं बरीच आहेत. ‘शाब्बास!’ हा शब्द मोठ्याने लहानाला म्हणायचा. अनोळखी पन्नाशीच्या माणसाला पंचविशीच्या पोराने तो म्हणणं कसं दिसतं ते बघा. ‘धीर सोडू नका’ म्हणजे तो सोडतोय असं तुम्ही ठरवून टाकलंत. ‘असंच चालू ठेवा, वजन उतरेल’ याला तर क्षमाच नाही. तो वजन उतरवायला आलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला कदाचित वरून दरी बघायची असेल. ‘तुमच्याकडून प्रेरणा मिळते’ हे कौतुक वाटतं, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही इथे असाल असं वाटलं नव्हतं’ असाच होतो. न मागता गिअरचा सल्लाही नको. ‘हलका गिअर टाका’ असं तुम्ही सांगता तेव्हा त्याच्याकडे आणखी हलका उरलेलाच नसतो.

संबोधन ‘तुम्ही’चं. पुरुषाला ‘दादा’, बाईला ‘ताई’, किंवा काहीच नाही. ‘काका’, ‘मावशी’ टाळा. अंगावरून वयाचा अंदाज नेहमी चुकतो. पाठीवर थाप नको. आणि पाठीला हात लावून ढकलणं तर नकोच: एका बाजूने जोर आला की सायकल तिरकी होते आणि दोघेही पडता. ओळखीचा असेल आणि त्याने मागितलं तरच.

गट असेल तर वेगळी पंचाईत होते. दहा जण ओळीने जाताना दहाही जण काहीतरी बोलतात, आणि ऐकणाऱ्याला दहाव्यांदा मान हलवावी लागते. पहिल्याने म्हणायचं ‘मागे नऊ जण आहेत’, शेवटच्याने ‘मी शेवटचा’. मधल्यांनी गप्प राहायचं. यामुळे त्याला किती वेळ सरळ रेषेत राहायचंय हे नेमकं कळतं. एवढ्या एका सवयीने घाटातले बरेच धक्के टळतात.

पारोडा गावचा चंद्रेश्वर-भूतनाथाचा डोंगर मात्र याला अपवाद धरा. उंची सुमारे ३५० मीटरच, पण रस्ता थोडक्यात वर जातो आणि तिथे तुमच्याकडेही बोलायला दम नसतो. मान डोलवा, पुढे व्हा. पणजीच्या आल्तिन्होला तर हे शास्त्र कशाला, दोन मिनिटांत माथा येतो.

ओलांडल्यानंतर

त्याचं पुढचं चाक तुमच्या मागे दोन सायकलींच्या अंतरावर गेल्याशिवाय डावीकडे घेऊ नका. लगेच उभं राहून पेडल मारू नका. उठताना सायकल क्षणभर वीतभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागू शकते. पुढे जाऊन लगेच हळू होणं ही दुसरी चूक, मग त्याला तुम्हाला ओलांडावं लागतं. थुंकायचं असेल तर पन्नास मीटर पुढे जाऊन. आणि माथ्यावर फोन धरून, टाळ्या वाजवत त्याचा व्हिडिओ काढू नका. विचारून काढला तर गोष्ट वेगळी.

ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, असाल तर उत्तेजनाचा सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे घड्याळ. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. चढात मागे पडलेल्याला हिशेब करायची ताकद नसते. ‘कंट्रोल (वाटेतली नोंदणीची जागा) बंद व्हायला ४० मिनिटं आहेत, ६ किलोमीटर राहिलेत’ एवढं सांगा. तो पुढचं ठरवेल.

थांबायचं कधी

सायकल हातात धरून चालत असेल तर ‘सगळं ठीक?’ असं एकदाच. ‘हो’ आलं की चालू लागा. चालणं ही पद्धतच आहे, त्यात अपयश वगैरे काही नसतं.

चेन उतरली असेल तर बहुधा भार असताना पुढचं मोठं चक्र सोडून लहान घेतलेलं असतं. मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) दांडा पुढे ढकला म्हणजे चेन सैल होते, ती लहान चक्राच्या वरच्या दातांवर ठेवा, मागचं चाक उचलून हाताने पेडल पुढे फिरवा. ‘टिंग’ आवाज होऊन मागचं चाक डुगडुगायला लागलं असेल तर आरा तुटलाय. जास्त भार मागच्या चाकावर असल्याने जड स्वाराचा तोच आधी जातो. तुटलेला आरा शेजारच्याला गुंडाळा. रिमला घासणारा ब्रेक ढिला करून चढता येईल, पण त्याच ब्रेकवर घाट उतरू नये. चढात पुन्हा सुरू होताना ब्रेक दाबून, एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी ठेवून, रस्ता मोकळा असेल तर किंचित तिरकं निघायचं असतं. ‘सीट धरू का?’ असं विचारा, हो म्हणाला तरच धरा.

गोव्याच्या दमटपणात घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं. ७५० मिलीच्या बाटलीत पाऊणच टाका, सगळं टाकलं की द्रावण दाट होतं आणि मळमळतं. मीठ घातलेलं कोकम सरबतही चांगलं.

तो असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या जात असतील, अंग तापलेलं असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. नीट शुद्धीत नसेल तर पाणी पाजू नका. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, किंवा थांबून पाच मिनिटं झाली तरी न बसणारा श्वास, यातलं काहीही असेल तर टेकवून बसवा आणि १०८ लावा. ‘जरा बसलं की बरं वाटेल’ म्हणून वाट बघू नका. घाटात रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा एकाने त्याच्यापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने रेंज मिळेपर्यंत खाली जायचं. चोर्ल्यात वर कर्नाटकाची हद्द लागते, म्हणून फोनवर रस्त्याकडेच्या दगडावरचं गाव आणि आकडा सांगा.

परतीचा उतार

आता उलटं होतं. जड स्वार उताराला तुमच्यापेक्षा वेगाने सुटतो, कारण त्याला खेचणारा भार जास्त आणि हवेचा अडसर त्या मानाने कमी. रिम तापू नये म्हणून तो ब्रेक सतत न धरता थोडा-थोडा दाबत, सोडत येतो, त्यामुळे त्याचा वेग कमी-जास्त होत असतो. त्याच्या थेट पुढे राहू नका, वळणाच्या मध्यात रेषा बदलू नका. मागून ‘उजवीकडून!’ ऐकू आलं की डावीकडेच राहा, हँडल सरळ ठेवा, आणि जाऊ द्या त्याला. या वेळी बोलायची पाळी त्याची.